गिटार आणि बेस: ईक्यू की साइडचेन?

मावसभावाने काल रात्री मिक्स पाठवला. गिटार एकटी ऐकली तर भरदार, बेस एकटा ऐकला तर छान, पण दोन्ही एकत्र लावले की नुसता गाळ. आता गिटार ईक्यूने (ठरावीक पट्ट्यातला आवाज कमी-जास्त करणारं साधन) कापू की बेसवरून साइडचेन लावू (म्हणजे बेस वाजला की गिटार आपोआप दबेल), असं विचारतोय. त्याला माझं उत्तर:

भांडण कुठे आहे ते आधी बघ. बेसची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्‌झला वाजते, गिटारची ८२ला. म्हणजे बेसचा दुसरा हार्मोनिक (मूळ सुराच्या दुप्पट कंपनांचा उपस्वर) थेट गिटारच्या खालच्या सुरावर येऊन बसतो.

मेहनत म्हणशील तर ईक्यू सोपा. गिटारवर १०० हर्ट्‌झच्या आसपास हाय-पास (त्याखालचा आवाज कापणारा फिल्टर), २५०जवळ दोन-तीन डेसिबल कमी, झालं. साइडचेनला थ्रेशोल्ड (किती आवाजाला दाबायचं), अटॅक (किती पटकन दाबायचं), रिलीज (किती वेळात सोडायचं) जुळवत बसावं लागतं. रिलीज चुकला की गिटार धापा टाकायला लागते.

आवाजात मात्र साइडचेन सरस, पण मल्टिबँड (आवाजाचे पट्टे वेगवेगळे हाताळणारा) हवा. तो फक्त २०० हर्ट्‌झखालचा भाग दाबतो, तोही बेस वाजत असतानाच. तुझ्या गाण्यात मध्येच बेस थांबतो आणि गिटार एकटी पाम-म्यूट (तळव्याने तारा दाबून) वाजते. ईक्यूने कापलेली गिटार तिथे अगदी पातळ वाटेल. पाम-म्यूटचा तो धप्पा मला फार आवडतो, तो घालवू नकोस.

दोन्ही वाद्यं सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोबत असतील, तर ईक्यू पुरे. तुझ्यासारख्या थांबत-सुटत जाणाऱ्या गाण्याला ७० हर्ट्‌झचा हलका हाय-पास आणि त्यावर मल्टिबँड साइडचेन. आणि हे सगळं सोलो बटण न दाबता, दोन्ही ट्रॅक चालू ठेवून कर.