कालावधीची स्ट्रिंग पार्स करायची: अनिसो८६०१ की पेंडुलम?

पायथनमध्ये स्ट्रिंगमधून, म्हणजे मजकुरातून, सुटी तारीख वाचायला (पार्स करायला) आता बाहेरची लायब्ररी लागत नाही. ३.११ आवृत्तीपासून 'फ्रॉमआयएसओफॉरमॅट' हे फंक्शन बहुतेक रूपं पचवतं, शेवटचा 'झेड' (म्हणजे यूटीसी, जागतिक प्रमाणवेळ) सुद्धा. गाडी अडते ती तिरक्या रेघेपाशी. आयएसओ ८६०१ या तारीख-वेळ लिहिण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकातली 'सुरुवात/शेवट' किंवा 'सुरुवात/पी१एम' (पी१एम म्हणजे एक महिना) अशी स्ट्रिंग आली की स्टँडर्ड लायब्ररी हात वर करते. मी ज्या दोन लायब्ऱ्यांमधून निवड केली, त्या अनिसो८६०१ आणि पेंडुलम.

अनिसो आटोपशीर आहे. 'आर५/'ने (म्हणजे पाच वेळा) सुरू होणारे, पुन्हापुन्हा येणारे कालावधी ती वाचते, '२०२४-०२-१०/१५' (१० ते १५ फेब्रुवारी) असं आखूड रूपही. दोन तारखांचं टपल, म्हणजे जोडी, हातात ठेवते आणि बाजूला होते. मला हा स्वभाव खरं तर आवडतो.

पण तिचा महिना सरसकट ३० दिवसांचा. '२०२४-०२-०१/पी१एम' दिलं की शेवट येतो २ मार्च, म्हणजे शेवटचा दिवस धरायचा नाही म्हटलं तरी १ मार्च दोन्ही महिन्यांच्या भाड्याच्या बिलात. १ जानेवारीपासून मोजलं तर शेवट ३१ जानेवारी, आणि तो दिवस कुठल्याच बिलात नाही. हे काही लपवलेलं नाही, कॅलेंडरप्रमाणे मोजायला वेगळं पॅकेजही जोडता येतं. पण भाड्याच्या हिशेबाचं काम करताना दर वेळी ते ध्यानात ठेवणं मला नकोसं झालं. त्यात 'पी१एम/शेवट' असं उलटं रूप आलं की टपलमध्ये आधी शेवट, मग सुरुवात. क्रम सरळ हवा तर तसं वेगळं सांगावं लागतं.

पेंडुलम त्याच स्ट्रिंगला १ मार्च देते, आणि ३१ जानेवारी २०२४ मध्ये महिना मिळवला की २९ फेब्रुवारी. घरमालकही असंच मोजतो. फक्त एखादी वेळ कालावधीत आहे का हे 'इन'ने तपासताना जपा, त्यात शेवटचा क्षणही आत धरला जातो. तिथे तुलना मी हाताने लिहितो.

तिची दुसरी खोड आपल्याला जास्त बोचते: टाइमझोन नसलेली वेळ ती यूटीसी समजते. सकाळचे नऊ भारतात दुपारचे अडीच होतात. पार्स करतानाच 'एशिया/कोलकाता' दिलं की प्रश्न मिटतो.

तुमचे कालावधी दिवस-तासांतच असतील, किंवा 'आर५'वाल्या स्ट्रिंगा येत असतील, तर अनिसो खुशाल घ्या. महिन्यावर पैसे ठरत असतील तर मी तरी पेंडुलमच घेईन.