वॉटरप्रूफ जॅकेट, जाळीचे बूट आणि बाकीचा पसारा: एक पावसाळा, एक हिवाळा वापरून

उत्तराखंडातल्या केदारकंठा ट्रेकची सामानाची यादी हातात घेऊन जूनमध्ये खरेदी केली. ट्रेक डिसेंबरात होता, पण तोवर सामान कपाटात कशाला ठेवायचं, म्हणून पावसाळाभर सगळं सह्याद्रीत वापरलं. तोरणा, राजगड, अंधारबन, आणि अधूनमधून अतकरवाडीतून सिंहगड. मग उत्तराखंड, आणि परत आल्यावर हरिश्चंद्रगडावर मुक्काम. एकच वस्तू दोन अगदी वेगळ्या हवेत कशी वागते ते त्यामुळे बघायला मिळालं. दुकानातली मुलं आणि यूट्यूबवरचे बहुतेक जण यादी सांगतात ती हिमालयाची. आपले रविवार मात्र वेल्हे-मुळशी-मावळात जातात, आणि तिथे त्या यादीतल्या निम्म्या गोष्टी उलट्या कराव्या लागतात.

जॅकेटपासून सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त पैसे त्यातच गेले. मेम्ब्रेनचं (म्हणजे कापडाच्या आत पाणी अडवणारा पातळ पडदा असलेलं), शिवणींना आतून टेप लावलेलं, लेबलवर १०,००० मिलिमीटर छापलेलं. या आकड्याचा अर्थ असा की कापडावर पाण्याचा दहा मीटर उंच स्तंभ उभा केला तरी ते झिरपू देत नाही. पाणी अडवण्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तोरण्याला बिनी दरवाजाच्या अलीकडे रेलिंगचा जो टप्पा आहे, तिथे पाऊस आडवा मारतो. तिथेही शिवणीतून थेंब आत आला नाही. तरी वर पोचले तेव्हा आतून चिंब होते. सगळा घाम.

मेम्ब्रेन श्वास घेतं असं सांगतात, पण ते कधी? आतली हवा उबदार आणि दमट असेल आणि बाहेरची थंड, कोरडी असेल, तर वाफ त्या फरकामुळे बाहेर जाते. जुलैत तोरण्यावर बाहेरची हवाच पाण्याने भरलेली असते, आणि थंडी म्हणावी अशी थंडीही नसते. फरकच नाही तर वाफ जाणार कुठे? त्यात बाहेरच्या कापडावर पाणी ओघळून जावं म्हणून दिलेला थर तासा-दोन तासांच्या मुसळधार पावसात हार मानतो. कापड पाणी धरतं, अंगाला गार लागतं आणि उरलीसुरली वाफही अडते. वेल्ह्यात उतरल्यावर चहा पिताना जॅकेट काढलं, तर चहावाल्या मावशी म्हणाल्या, "ताई, येवढं महागाचं जाकीट, आन् आतनं समदं वलं कसं?" आता त्यांना काय सांगणार!

हेच जॅकेट केदारकंठावर, ३,८०० मीटरच्या आसपास, शून्याखालच्या वाऱ्यात घातलं तेव्हा त्याचे पैसे वसूल झाले. आत थर्मल, त्यावर फ्लीस, वरून हे. चढताना चेन अर्धी उघडी ठेवली की आत कोरडं. म्हणजे कापडात खोट नाही, ते आपल्या पावसासाठी बनवलेलंच नाही.

पावसाळ्यात आता मी भिजायचंच हे धरून चालते. पातळ पॉलिस्टरचा पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट, आणि सॅकच्या वरच्या कप्प्यात बिनअस्तराचा साधा विंडचिटर. चालताना विंडचिटर घालायचा नाही. माचीवर वाऱ्यात आलं किंवा जेवायला थांबलं की लगेच घालायचा, कारण ओल्या अंगाला थंडी भरते ती थांबल्यावर. कोरड्या कपड्यांचा एक जोड पिशवीत बंद असतो आणि गाडीत बसेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. सुती टी-शर्ट आणि जीन्स घरी ठेवा. सुती कापड पाणी धरून ठेवतं आणि संध्याकाळपर्यंत वाळत नाही. रस्त्यावर मिळणारा प्लॅस्टिकचा पोंचो कारवीत फाटतो आणि धारेवर वाऱ्याने डोक्यावर येतो. मावळात भातलावणी करणाऱ्या बायका इरलं पाठीवर घेऊन वाकायच्या, त्यात अंग झाकलं जायचं आणि खालून हवाही खेळायची. धनगरांची घोंगडी ओली झाली तरी ऊब देते, लोकरीचा तो गुणच आहे. दोन्ही इथल्या पावसाला ओळखून बनलेल्या गोष्टी. पण इरलं घेऊन राजगडाच्या चोर दरवाजाने चढता येणार नाही, हेही खरं.

रंगाबद्दल एक. धुक्यात पुढचा माणूस दिसावा म्हणून केशरी-पिवळं काहीतरी हवं. काळे कपडे आणि अत्तर-डिओ मात्र टाळा, निदान जिथे कड्यांना आग्या मोहोळं लटकतात तिथे तरी. गडद रंगावर आणि उग्र वासावर मधमाश्या चिडतात.

आता बूट. दोन जोड घेतले होते. एक घोट्यापर्यंतचा वॉटरप्रूफ, दुसरा जाळीचा, कमी उंचीचा. अंधारबनात ओढे ओलांडावे लागतात. वॉटरप्रूफ बुटात पाणी वरून शिरलं आणि आतच राहिलं, कारण ज्या पडद्यातून ते आत येत नाही त्यातून बाहेरही जात नाही. दिवसभर पायात दोन भरलेल्या बादल्या. जाळीच्या बुटातून पाणी पाचपन्नास पावलांत निघून जातं. पाय ओला राहतो, पण जड होत नाही. पावसाळ्यासाठी मी डोळे झाकून जाळीचा सांगेन. केदारकंठाच्या बर्फात नेमकं उलटं. तिथे वॉटरप्रूफच हवा, जाळीच्या बुटात बोटं गारठतील.

पकडीबद्दल दुकानात खूप ऐकवतात. खोल खाचांचा सोल चिखलात कामाचा. ओल्या कातळावर खाचांपेक्षा रबर मऊ असणं महत्त्वाचं. शेवाळलेल्या पायरीवर मात्र कुठलाच बूट धरत नाही, तिथे निमूट बसून उतरायचं. गावातली वाटाड्या पोरं स्वस्तातले हंटर बूट घालून आपल्यापुढे पळत असतात, ते बघून आपल्या बिलाबद्दल फार बोलू नये.

माप संध्याकाळी, मोजे घालूनच घ्या. दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. उतारावर बोटं पुढे आपटून नखं काळी पडतात, म्हणून पुढे अंगठ्याएवढी जागा हवी. आणि माळ्यावर पडलेले जुने बूट नेताना दहा वेळा विचार करा. आमच्या ग्रुपमधल्या एका दादांचे बूट जवळजवळ न वापरलेले होते. राजगडाच्या उतारावर एकाचा सोल अख्खा सुटून हातात आला, थोड्या वेळाने दुसऱ्याचा. अशा सोलमध्ये पॉलियुरेथेनचा फेस असतो. हवेतल्या ओलाव्याने तो आतल्या आत सडतो, आणि बूट पडून असले तरी सडतच राहतो. दादा नाडीने सोल बांधून पालीपर्यंत आले. अंगठ्याने सोलच्या कडा दाबून बघा. भुगा पडला किंवा भेग दिसली तर ते बूट घरीच ठेवा.

सॅक चाळीस लिटरची. बायकांनी पाठीची लांबी मोजूनच घ्यावी. पुरुषांच्या मापाची सॅक घेतली की कमरेचा पट्टा कमरेवर न बसता खाली घसरतो आणि सगळं वजन खांद्यावर येतं. सोबत मिळालेलं रेनकव्हर शहरात ठीक आहे. गडावर पाणी पाठीकडून उतरतं, तिथे कव्हर नसतंच. बोहरी आळीतून जाड पॉलिथिनची मोठी पिशवी आणली, ती सॅकच्या आत अस्तरासारखी घालते आणि तोंड पिळून बांधते. कव्हर आता वापरतच नाही.

पँटबद्दल फार काही नाही. पटकन वाळणारी, पूर्ण लांबीची, चेनचे खिसे असलेली. बायकांच्या पँटला खिसे देताना कंपन्यांच्या जिवावर का येतं, कळत नाही. मी पुरुषांची घेतली.

स्लीपिंग बॅग हरिश्चंद्रगडासाठी, केदारकंठाला आयोजकांचीच होती. घेताना पिशवीवरचा मोठा आकडा वाचू नका. प्रमाणित चाचणीत कम्फर्ट आणि लिमिट असे दोन मुख्य आकडे येतात. कम्फर्ट म्हणजे एखादी बाई सैल, आरामात झोपू शकेल ते तापमान. लिमिट म्हणजे पुरुष अंग आखडून, न कुडकुडता रात्र काढेल ते. मोठ्या अक्षरात बहुधा दुसरा छापतात, किंवा त्याहून खालचा, जो जीव वाचण्यापुरता असतो. मला कम्फर्ट १० अंशाची पुरली, पण त्याचं श्रेय खालच्या फोमच्या मॅटला. अंगाखाली बॅगेतला भराव दबतो आणि ऊब उरत नाही, त्यामुळे कातळाची थंडी अडवते ती मॅटच. तीनशे-चारशेची मॅट आहे, तिच्यावर पैसे वाचवू नका.

धुण्याबद्दल मात्र दुकानात कोणी सांगत नाही. मेम्ब्रेनच्या जॅकेटला नेहमीची पावडर आणि कम्फर्टसारखं सॉफ्टनर चालत नाही, पाणी ओघळवणारा थर त्याने मरतो. सौम्य द्रवाने धुवून, वाळल्यावर लेबलवर परवानगी असेल तर मंद इस्त्री फिरवली की तो बराचसा परत येतो. बूट उन्हात किंवा हीटरपुढे तापवू नका, डिंक सुटतो. वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि दर दोन तासांनी बदला. जुलैत पुण्याच्या बाल्कनीत दोन दिवस लागतातच.

राहिल्या काठ्या. तोरण्याच्या उतारावर गुडघ्यांना आराम मिळाला, पण रेलिंग आणि कातळटप्पे आले की दोन्ही हात मोकळे हवेत, आणि काठ्या दर अर्ध्या तासाने सॅकला अडकवाव्या लागतात. घ्यायच्याच तर खटक्याच्या घ्या. पिळून घट्ट करायच्या काठ्या चिखल लागला की भार पडताच आत सरकतात. माझ्या काठ्या आता सासूबाई पर्वतीला नेतात. टोकांना रबरी टोप्या लावून दिल्यात, पायऱ्यांवर खडखड वाजतं म्हणत होत्या.