स्पिलिंबेर्गोची मोझेक शाळा : पाण्याखालच्या चित्रांचे माहेरघर

पुण्यातील आमच्या सोसायटीच्या जलतरण तलावातील निळ्या काचेचे चौकोनी तुकडे दुसऱ्याच पावसाळ्यानंतर सुटू लागले, तेव्हा पाण्याखालचे मोझेक, म्हणजे दगड-काचेच्या लहान तुकड्यांचे जडावकाम, मुळात टिकते कसे, हा प्रश्न माझ्या मनात घर करून राहिला. इटलीला जाण्याचा योग आला तेव्हा व्हेनिसमधील एक दिवस कमी करून मी फ्रिउली प्रांतातील स्पिलिंबेर्गोची मोझेक शाळा पाहिली. 1922 मध्ये स्थापन झालेली ही शाळा आगाऊ नोंदणी केल्यास मार्गदर्शकासह पाहता येते. व्हेनिसहून पोर्देनोनेपर्यंत रेल्वेने आणि पुढे बसने जावे लागते.

येथील अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे आणि त्याची सुरुवात हाताला वळण लावण्यापासून होते. लाकडी ओंडक्यात रोवलेल्या छिन्नीच्या धारेवर दगड किंवा काच धरायची आणि वरून दोन टोकांच्या हातोडीचा घाव घालायचा. तुकडा हव्या त्या आकाराचा निघणे हे सर्वस्वी मनगटावर अवलंबून असते. या परिसरातील कारागीर पिढ्यान् पिढ्या व्हेनिसला जाऊन फरशीकाम करीत आले आहेत, आणि आपल्या जुन्या घरांतील मोझेक फरशीचे मूळही त्याच परंपरेत आहे, हे कळल्यावर आजोळची जमीन आठवली.

मला सर्वांत मोलाची वाटली ती उलटी पद्धत. शेजारच्या सेक्वाल्स गावचे जान दोमेनिको फाक्किना यांनी एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या ऑपेरागृहाचे मोझेक याच पद्धतीने केले. चित्र कागदावर उलटे काढून, पाण्यात विरघळणाऱ्या गोंदाने तुकडे दर्शनी बाजू खाली ठेवून चिकटवतात. मग कागदाचे भाग पाडून त्यांवर क्रमांक घालतात, जागेवर नेऊन ओल्या गिलाव्यात दाबतात आणि गिलावा धरल्यावर कागद भिजवून सोलून काढतात. त्यामुळे अनवाणी पावलांना न बोचणारा सपाट पृष्ठभाग मिळतो आणि प्रत्येक तुकड्याची पाठ थेट गिलाव्यात रुतते. आमच्या तलावात मात्र मागे जाळी चिकटवलेले तयार ताव बसवले होते. जाळी आणि तिचा गोंद मध्ये आल्याने गिलाव्याची पकड अपुरी राहिली आणि सततच्या पाण्याने तो गोंदही सुटला, हे मला तेथे उमगले. रोममधील फोरो इतालिको या 1930च्या दशकातील क्रीडासंकुलाच्या मोझेकमध्ये याच शाळेचा मोठा वाटा आहे, आणि तेथील बंदिस्त तलावाभोवतीची चित्रे आजही जागेवर आहेत.

केवळ खरेदीसाठी जाणाऱ्याने येथे येऊ नये. हात कसा घडतो हे पाहण्याची आस्था असेल त्याने मात्र किमान दोन तास राखून ठेवावेत, आणि शक्यतो विद्यार्थी कामावर असतील असा दिवस निवडावा. परतल्यावर मी आमच्या सोसायटीच्या समितीला लेखी कळवले आहे की, नव्या निविदेत दर्शनी बाजूस कागद असलेल्या तावांचीच अट घालावी.