इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला दिलेलं प्रीपेड कार्ड: वर्षभराच्या वापरानंतर

मी कराडला एका पतसंस्थेत हिशेब बघते. मुलगा गेल्या वर्षी बारावी होऊन पुण्याला इंजिनिअरिंगला गेला, कर्वेनगरला कॉट बेसिसवर राहतो. खोलीचं भाडं मी थेट मालकांना पाठवते. बाकी सगळं, म्हणजे मेस, बस, झेरॉक्स, चहा-नाश्ता, जर्नल, रिचार्ज, त्याचं त्यानं बघायचं असं ठरलं आणि त्यासाठी आम्ही ॲपवर चालणारं एक रुपे प्रीपेड कार्ड घेतलं. महिन्याच्या एक तारखेला साडेसहा हजार भरायचे, आणि मधे काही मागायचं नाही. वर्षभर हे चाललं. ओळखीतले पालक जून जवळ आला की विचारायला लागतात, म्हणून सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी केवायसीचं, म्हणजे कार्डासाठी ओळख पटवण्याचं बोलते, कारण निम्म्या लोकांचं कार्ड तिथेच वाया जातं. मोबाइल नंबर, ओटीपी आणि एखाद्या ओळखपत्राचा नंबर एवढ्यावर जे कार्ड लगेच मिळतं, त्यात महिन्याला दहा हजारांपर्यंतच पैसे भरता येतात आणि ते फक्त खरेदीला चालतात. त्यातून कुणाला पैसे पाठवता येत नाहीत, एटीएममधून काढता येत नाहीत. कागदावर ही मर्यादा किरकोळ वाटते. पण पुण्यात मेसवाल्या काकूंच्या भिंतीवर जो क्यूआर चिकटवलेला असतो, तो त्यांच्या घरच्या खात्याचा असतो, म्हणजे तिथे पैसे देणं ही खरेदी न धरता पैसे पाठवणं धरलं जातं. चहाच्या टपरीवर, कॉलेजच्या गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे स्वाइप मशीन नसतंच. मुलगा जिथे रोज पैसे देतो, त्यातल्या बहुतेक ठिकाणी असलं अर्धं कार्ड काही कामाचं नाही. तेव्हा पूर्ण केवायसी करा आणि त्या कार्डाला यूपीआय जोडता येतं का ते आधी विचारा. पूर्ण केवायसी झाल्यावर शिल्लक दोन लाखांपर्यंत ठेवता येते, आणि डिसेंबर 2024 पासून रिझर्व्ह बँकेने असं कार्ड किंवा वॉलेट (ॲपमध्ये पैसे भरून ठेवायचं पाकीट) दुसऱ्या कंपनीच्या यूपीआय ॲपलाही जोडायला परवानगी दिली आहे.

केवायसी व्हिडिओ कॉलवर झाली. मुलगा अठरा पूर्ण होता, म्हणून त्याच्या आधार-पॅनवर त्याच्याच नावाने. हॉलमध्ये ट्यूबलाइटचा उजेड पॅनकार्डावर चमकायचा आणि समोरच्या बाईंना नंबर दिसेना. शेवटी खिडकीपाशी जाऊन कार्ड जरा तिरकं धरलं तेव्हा जमलं. पॅन नसेल तर आधी ते काढून घ्या, प्रवेशाच्या धावपळीत ते राहून जातं. अकरावी-बारावीची मुलं अठराच्या आतली असतात, त्यांची रीत वेगळी. पालकांची संमती आणि कागदपत्रं लागतात, ती कंपनी काय मागते ते विचारून घ्या.

आता कामाचा मुद्दा. कार्डाने पैसे वापरायला शिकवलं का? शिकवलं, आणि ते एकाच गोष्टीमुळे: त्यातले पैसे संपतात. बँकेच्या डेबिट कार्डामागे माझ्या खात्यातून कधीही पैसे येतील असं मुलाला माहीत असतं. इथे आकडा समोर दिसतो आणि तो कमी होत जातो. पहिल्या महिन्यात वीस तारखेनंतर लगेच त्याचा फोन आला, "आई, दोनशेच उरलेत." ड्राफ्टर, वर्कशॉपचा एप्रन आणि मित्रांबरोबरची दोन जेवणं यात महिना संपला होता. मेसचे पैसे त्याने आधीच भरले होते, त्यामुळे उपाशी राहायचा प्रश्न नव्हता. मी वर पैसे भरले नाहीत. बसऐवजी चालत गेला, बाहेरचा चहा बंद केला. पुढच्या महिन्यात त्याने आपणहून मेसचे आणि बसपासचे पैसे एक तारखेलाच देऊन टाकले आणि उरलेल्याला चारने भागलं. हे मी सांगितलं नव्हतं.

पालकांच्या मोबाइलवर प्रत्येक खर्चाची सूचना येते, अशी सोय जाहिरातीत ठळक लिहिलेली असते. ती मी पहिल्याच दिवशी बंद केली आणि तुम्हीही करा असं कळकळीने सांगते. चाळीस रुपयांच्या वडापावची सूचना कराडमध्ये माझ्या हातात पडली की मी संध्याकाळी विचारणारच, "दुपारी मेसमध्ये जेवला नाहीस का?" मग मुलगा पैशाचा विचार करत नाही, आईला काय सांगायचं याचा करतो. आम्ही महिनाअखेरीला एकदाच फोनवर बोलायचो, तेही त्याने विवरण पुढे ठेवल्यावर.

त्या विवरणाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. ॲपमध्ये खर्चाचं रंगीत वर्तुळ येतं, खाणं, प्रवास, खरेदी वगैरे. प्रत्यक्षात मेसच्या काकू, टपरीवाला, झेरॉक्सवाला हे सगळे आपापल्या वैयक्तिक नावाने दिसतात आणि वर्तुळाचा मोठा तुकडा 'इतर' होऊन बसतो. महिना संपल्यावर कुठलं नाव कशाचं, हे मुलालाच आठवेना. म्हणून मी त्याला वहीच घ्यायला लावली. कार्डाचं विवरण ही तयार किर्द आहे, तारीखवार सगळं लिहिलेलं असतं. खतावणी हाताने करायची: एक पान मेसचं, एक प्रवासाचं, एक कॉलेजच्या सामानाचं, एक हौसेचं. रविवारी बसून आठवड्याच्या नोंदी त्या-त्या पानावर टाकायच्या. दुसऱ्या सेमिस्टरला त्याने हौसेच्या पानावरची बेरीज बघून मला विचारलं, "एवढे कसे झाले?" अप्पा बळवंत चौकातून जुनी पुस्तकं घ्यायची हे त्यानंतरचं.

सबस्क्रिप्शनचाही अनुभव आला. फुकट महिना म्हणून एक व्हिडिओ ॲप घेतलं, त्यात कार्ड नोंदवलं. नियमाप्रमाणे असे ठरावीक हप्ते कापण्याच्या चोवीस तास आधी सूचना यावी लागते, तशी आली. त्याने ती नीट वाचली, ॲपमध्ये जाऊन मंजुरी रद्द केली. क्रेडिट कार्ड हातात येण्याआधी ही सवय लागली, याचं मला समाधान आहे.

कार्ड एकदा पीएमपीच्या बसमध्ये पडलं. ॲपमधून ते त्याच जागी लॉक करता आलं, पैसे गेले नाहीत. नव्या कार्डाचे पैसे लावले, ते ठीक. पण तक्रार करायला माणूस मिळेना, चॅटवर यंत्रच तीच तीन उत्तरं फिरवून देत होतं. यात एक नियम माहीत हवा: आपली चूक नसताना, त्रयस्थाने घोटाळा करून पैसे गेले तर तीन दिवसांत कळवलं की ग्राहकावर भार येत नाही. तीस दिवसांत कंपनीने दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. मुलाला हे पाठ करून ठेवायला सांगा.

पतसंस्थेत काम करते म्हणून हेही सांगावंसं वाटतं. या कार्डातल्या पैशाला व्याज नाही. बँकेतर कंपनीचं कार्ड असेल तर पैसे एका बँकेत एस्क्रो खात्यात, म्हणजे ग्राहकांच्या पैशासाठी राखून ठेवलेल्या वेगळ्या खात्यात असतात, पण बँकेतल्या ठेवीला जसं पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे तसं इथे धरू नका. आमच्या पतसंस्थांच्या ठेवींनाही तो विमा नाही, हे मी ठेवीदारांना रोज समजावते. म्हणून कार्डात महिन्याचा खर्च ठेवा, सेमिस्टरची फी ठेवू नका. एटीएममधून एका वेळी दोन हजार आणि महिन्याला दहा हजारच निघतात, अडीअडचणीला तेवढंही जपून धरा.

यूपीआय सर्कल घेऊ का, असं बरेच जण विचारतात. त्यात आपल्या खात्यातून मुलाला महिन्याला पंधरा हजार आणि एका वेळी पाच हजारांपर्यंत खर्च करायची मोकळीक देता येते. वेगळं कार्ड नको, पैसे भरणं नको. वयस्कर आई-वडिलांसाठी मी ते आनंदाने घेईन. कॉलेजच्या मुलासाठी नाही, कारण त्यात पैसे त्याचे होतच नाहीत. महिनाअखेरीला साठ रुपये उरले तर ते पुढच्या महिन्यात त्याच्याजवळ राहिले पाहिजेत. कार्डात ते राहतात. मार्चमध्ये माझ्या मुलाजवळ अकराशे उरले होते, ते त्याने खोलीत टेबलफॅन घ्यायला वापरले.

आता दुसऱ्या वर्षाला हे कार्ड चालू ठेवायचं नाही असं आमचं ठरलंय. खर्च सांभाळणं तो शिकला, पुढचं शिक्षण साठवण्याचं आहे आणि त्यासाठी बचत खातं आणि आवर्ती ठेव लागते. कार्ड बंद करताना शिल्लक स्वतःच्या बँक खात्यात वळती करता येते, फक्त ते खातं ॲपमध्ये आधी नोंदवून ठेवलेलं असावं.