ड्राय आइस, थर्माकोल आणि कस्टम्स : नऊ महिन्यांनंतर

निकाल आधीच सांगून टाकतो. गोठवलेला खाण्याचा माल विमानाने सीमेपलीकडे पाठवणं मी चालू ठेवलंय. नुसता थंड, न गोठवलेला माल पार्सलने पाठवणं मात्र पाचव्या महिन्यात बंद केलं. सुरुवातीला मला बरोबर उलटं वाटायचं. गोठवलेलं अवघड, थंड सोपं, कारण थंडी कमी लागते. थंडी कमी लागते हे खरंच आहे, पण चुकायला जागाही तेवढीच कमी मिळते.

नऊ महिन्यांत ३१ पेट्या गेल्या. २२ गोठवलेल्या, ९ थंड. प्रत्येकीत एक डेटा लॉगर. दर दहा मिनिटांनी तापमान नोंदवतो आणि पोचल्यावर यूएसबीला लावला की आलेख काढून देतो. सगळ्या खरेदीत सर्वांत कामाची वस्तू हीच. पेटी, बर्फ, कुरिअर यांच्याबद्दलची माझी मतं या आलेखांवरूनच बनली. फक्त तो ठेवायचा कुठे, हे कळायला तीन पेट्या गेल्या. ड्राय आइसजवळ (म्हणजे गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडजवळ) ठेवला की सगळं छानच दिसतं. शिवाय साधे लॉगर बहुतेक उणे ३० अंशांपर्यंतच मोजतात. आता मी तो बर्फापासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यात, मालाला टेकवून ठेवतो. वाईट बातमी तिथेच आधी कळते.

आता ड्राय आइस. उणे ७८.५ अंश सेल्सिअसला त्याचा थेट वायू होतो, पाणी होत नाही. एका किलोचा वायू होताना तो साधारण ५७० किलोज्यूल उष्णता ओढून घेतो; साधा बर्फ वितळताना ३३४. किती किलो भरायचं याचं कुरिअरवाल्यांचं उत्तर ठरलेलं : ‘भरा भरपूर’. मी हिशोब मांडून बघितला. थर्माकोलची भिंत ५ सेंटिमीटर, पेटीचं सगळ्या बाजूंचं मिळून क्षेत्रफळ अर्धा चौरस मीटर, बाहेर २५ अंश. अशी पेटी दिवसाला ५ किलोच्या आसपास ड्राय आइस खाते. तीच पेटी ६ सेंटिमीटर पॉलियुरेथेन फोमची घेतली तर ३ किलोच्या आत भागतं. प्रत्यक्षातले आकडे थोडे इकडेतिकडे झाले, पण दोन्ही पेट्यांमधला फरक तेवढाच निघाला. जाड भिंतीचा तोटा वेगळा आहे. कुरिअर कंपन्या खरं वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त त्याचे पैसे लावतात, आणि आकारमानाचं वजन म्हणजे सहसा लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सगळं सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००. म्हणजे भिंत जाड केली की तुम्ही हवेचं भाडं भरता. तरी मी पॉलियुरेथेनवरच आलो.

माझी पहिली पेटी काउंटरवरूनच परत आली. ड्राय आइस विमानात धोकादायक मालात मोडतो : यूएन १८४५, वर्ग ९. पेटीवर हा क्रमांक, वर्ग ९ चं लेबल आणि बर्फाचं निव्वळ वजन किलोत लिहावं लागतं. मी वजन लिहिलंच नव्हतं. वर चारही बाजूंनी टेप मारून पेटी हवाबंद केली होती, अगदी अभिमानाने. काउंटरवरच्या माणसाने ती टेप बघितली आणि माझ्याकडे असं बघितलं की विचारू नका. वायूला बाहेर पडायला वाट नसेल तर पेटी फुटू शकते. तोच वायू बंद गाडीत साचतो, म्हणून काउंटरपर्यंत जाताना खिडक्या उघड्या.

भरण्याची पद्धतही चुकतमाकतच बसली. ड्राय आइस वर ठेवायचा, कारण थंड वायू खाली उतरतो. आणि मालाला थेट लावायचा नाही. त्या तापमानाला व्हॅक्यूमच्या पिशव्या ठिसूळ होतात आणि एका धक्क्यात तडकतात. माझ्या दोन तडकल्या. मध्ये पुठ्ठ्याचा एक थर टाकला की काम होतं.

पण खरं सांगायचं तर प्रवासात माल बिघडत नाही. बिघडतो तो थांबलेला असताना. विमानातल्या तासांत आलेखाची रेघ जवळजवळ सपाट असते. ती वर चढते गोदामात. अकराव्या पेटीत गोठवलेले मासे होते आणि बिलावर मी मालाच्या प्रकाराचा कस्टम्सचा क्रमांक ०३०२ लिहिला. ते ताज्या आणि थंड माशांचं, गोठवलेल्यांचं ०३०३. आरोग्य प्रमाणपत्रावर ‘गोठवलेले’, बिलावर ‘थंड’. झालं! एका आकड्यापायी पेटी शनिवार-रविवार धरून तीन दिवस अडकली. ट्रॅकिंगवर ‘क्लिअरन्स सुरू आहे’ हे एकच वाक्य ६१ तास. फॉरवर्डरने, म्हणजे माल पोचवण्याची व्यवस्था बघणाऱ्या एजंटने, वाटेत ड्राय आइस पुन्हा भरून देण्याचे पैसे आधीच घेतले होते, पण भरला कोणीच नाही. आलेखात माल उणे ११ पर्यंत चढला आणि मग पुढच्या गोदामाच्या फ्रीझरमध्ये परत खाली आला.

घेणाऱ्याचा निरोप आला, ‘दगडासारखे कडक आहेत, काळजी नको.’ कडक असणारच. उणे ११ ला जंतू वाढत नाहीत, तेव्हा खायला धोका नव्हता. पण तापमान असं वरखाली झालं की लहान स्फटिक विरून मोठे होतात, पेशी फाटतात आणि शिजवायला काढलं की पाणी सुटतं. युरोपीय संघाच्या नियमात शीघ्र गोठवलेल्या मालाला उणे १८ हवं, आणि वाहतुकीत थोडा वेळ ३ अंशांची सूट. म्हणजे उणे १५. मी त्यांना आलेख पाठवला आणि पैसे परत केले.

कागदांचं वेळापत्रक बर्फाइतकंच महत्त्वाचं. अमेरिकेत अन्न पाठवायचं तर पूर्वसूचना द्यावी लागते. विमानाने येणाऱ्या मालासाठी पोचण्याच्या किमान ४ तास आधी. युरोपीय संघात प्राणिजन्य माल ठरावीक सीमा तपासणी चौक्यांमधूनच आत जातो आणि तिथे साधारण एक कामाचा दिवस आधी कळवावं लागतं. त्या चौक्यांना गोठवलेल्या आणि थंड मालाच्या मान्यता वेगवेगळ्या असतात, हे मला फॉरवर्डरने नाही, नकार आल्यावर त्या पत्राने सांगितलं.

थंड मालाच्या नऊ पेट्यांपैकी चार बिघडल्या. शून्य ते चार अंश ही पट्टी इतकी अरुंद आहे की दोन्हीकडून घसरता येतं. फ्रीझरमधून काढलेले जेल पॅक (थंडी धरून ठेवणाऱ्या जेलच्या पिशव्या) सरळ लावले, तर त्यांना टेकलेला माल गोठला आणि समोरच्या कोपऱ्यात ७ अंश. नंतर पॅक बाहेर ठेवून त्यांना घाम सुटेपर्यंत थांबायला लागलो. फरक पडला, पण पुरेसा नाही. एक पेटी तर थंडीच्या दिवसांत विमानतळावर उघड्यावर राहिली आणि बाहेरच्या हवेनेच उणे ३ ला गेली! ड्राय आइस जास्त झाला तर गोठवलेल्या मालाचं फारसं काही बिघडत नाही. थंड मालाला अशी सवलत नाही. शिवाय लिस्टेरियासारखे जंतू फ्रिजच्या तापमानालाही हळूहळू वाढत राहतात. त्यामुळे तिथे वाया गेलेला प्रत्येक तास शेल्फवरच्या दिवसांतून वजा होतो.

एकदा रीफर, म्हणजे स्वतःचं थंडीचं यंत्र असलेल्या, कंटेनरमध्ये भागीत जागा घेतली. मोठ्या मालाला तेच बरं. एवढंच लक्षात ठेवा की रीफर थंडी टिकवतो, गरम माल गोठवून देत नाही. माल आधीच उणे १८ ला हवा, आणि कंटेनरच्या आतल्या लाल रेषेच्या वर रचायचा नाही, नाहीतर हवा फिरत नाही. १८८२ मध्ये ‘ड्युनेडिन’ हे जहाज गोठवलेलं मांस घेऊन न्यूझीलंडहून ९८ दिवसांनी लंडनला पोचलं आणि माल जवळपास सगळा चांगला निघाला. माझी ९८ तासांत तारांबळ उडते.

आता मी पेटी शक्यतो सोमवारी पाठवतो, गुरुवारनंतर कधीच नाही. प्रवासाच्या अंदाजात दोन दिवस वाढवून तेवढा ड्राय आइस भरतो. बिल आणि प्रमाणपत्र शेजारी ठेवून शब्द न् शब्द ताडून बघतो. दोन गोदामांत चौकशी केली तेव्हा ड्राय आइस भरून देण्याची सोय नुसती जाहिरातीतच असल्याचं कळलं, म्हणून त्या मार्गाने पाठवत नाही.

एक तक्रार मात्र सुटलेली नाही. ३१ लॉगर गेले, आलेख २५ आले. उरलेल्या सहा जणांनी माल काढला आणि लॉगर थर्माकोलबरोबर कचऱ्यात टाकला. आता झाकणाच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात चिठ्ठी चिकटवतो : हे फेकू नका, आधी लॅपटॉपला लावा.