जुनी सेमी-ऑटो .२२ घ्यावी की बोल्टची? खानदेशातल्या घेणाऱ्यासाठी

शहाद्याच्या भाच्याला त्याच्या वडिलांच्या पश्चात वारसाने परवाना मिळाला. त्यानंतर आठ दिवसांत त्याचा फोन आला. "मामा, दोन जुन्या रायफली सांगून आल्या आहेत. एक ब्राउनिंगची सेमी-ऑटो, म्हणजे चाप ओढला की पुढचं काडतूस आपोआप भरणारी. दुसरी ब्रनो, दर बारला हाताने बोल्ट ओढायची. दोन्ही .२२ बोअरच्या. कोणती घेऊ?" ब्रनो मॉडेल २ माझ्याकडे अठरा वर्षं आहे. ब्राउनिंग शिरपूरच्या साडूंकडे आहे आणि तिच्यातून मी पुष्कळ काडतुसं उडवली आहेत. त्याला फोनवर सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो.

बंदुकीआधी कागद बघ. भारतात सेमी-ऑटोची वर्गवारी बोल्ट रायफलीपेक्षा वेगळी आहे. विकणाऱ्याच्या परवान्यावर ती आहे म्हणून तुझ्याही परवान्यावर चढेल असं गृहीत धरू नकोस. जिल्हाधिकारी कार्यालयातून लेखी उत्तर घे, त्याआधी इसार देऊ नकोस. नळीवरचा नंबर, परवान्यावरचा नंबर आणि यूआयएन (परवान्याचा सरकारी नोंदणीतला खास क्रमांक) जुळवून बघ. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात. वडिलांची बारा बोअर घरात आहे, म्हणजे तुझ्याकडे एकच जागा उरली.

आता ब्राउनिंग. जॉन ब्राउनिंगची ही रचना १९१४ पासून बाजारात आहे आणि हातात घेतल्यावर तिचं वय पटत नाही. वजन सव्वादोन किलोच्या आसपास. नळी फिरवली की रायफल दोन तुकड्यांत सुटते आणि जुन्या होल्डॉलमध्येही मावते. काडतुसं दस्त्यातल्या नळकांड्यात भरायची, दस्त्याच्या उजव्या बाजूच्या भोकातून. रिकामी पुंगळी खालून पडते. पूर्ण बाह्यांचा शर्ट असेल तर तापलेली पुंगळी थेट बाहीत शिरते. साडूंनी पहिल्या दिवशी रेंजवर केलेला नाच आम्ही अजून विसरलेलो नाही.

पण ती नखरेल आहे. सेमी-ऑटोत बोल्ट मागे ढकलायला काडतुसाचाच जोर लागतो. काडतूस मंद असेल, किंवा जुनं आणि दमट झालेलं असेल, तर बोल्ट अर्ध्यावर येतो आणि पुंगळी अडकते. .२२ ची गोळी वरून मेणचट असते, तिला धूळ चिकटते. आपल्याकडची काळ्या मातीची उन्हाळी धूळ तर पिठासारखी. मे महिन्यात भुसावळकडे पारा पंचेचाळीसच्या वर गेला की बोल्टमधलं तेल सुकून चिकट होतं. अशाच एका दुपारी साडूंनी सलग तीनदा चाप ओढला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "भो, बार उडनाच नही." तेल पुसून बोल्ट जवळपास कोरडा केल्यावर गाडी रुळावर आली. ब्रनोत तोच माल बिनतक्रार चालतो, कारण तिथे बोल्ट आपण हाताने ओढतो.

वरणगावला काडतुसांचा सरकारी कारखाना आहे, तो लष्करासाठी. आपल्याला .२२ ची पेटी डीलरकडूनच घ्यावी लागते, परवान्यावर लिहिलेल्या मर्यादेत मोजून. म्हणजे जलद बार काढण्याची सोय घेतली तरी वर्षाचा कोटा दोन रविवारांत संपतो. माझ्या मते सेमी-ऑटोविरुद्ध सगळ्यात मोठं कारण हेच. अमेरिकेत लोक एका दुपारी पाचशे उडवतात, त्यांचा हिशोब वेगळा.

दुसरं कारण खेळाचं. तुला ५० मीटर रायफल नेमबाजीत उतरायचंय. स्वप्नील कुसाळेने पॅरिसला २०२४ मध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्सचं कांस्य घेतलं तेव्हापासून तुझ्या डोक्यात ते आहे. पोरगा कोल्हापूरकडचा, तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासणीस होता. त्या प्रकारात एकेक काडतूस हाताने भरूनच नेम धरायचा असतो, सेमी-ऑटोचा तिथे उपयोगच नाही. आणि खरं सांगायचं तर ब्रनोही मॅच रायफल नव्हे. पण श्वास, चाप आणि नजर यांची शिस्त ती लावते. एनसीसीत .२२ डिलक्स हाताळली असशील तर ब्रनो ओळखीची वाटेल. पाच काडतुसांचं मॅगझिन, थोडी जड, साधी आणि अचूक.

ब्रनोच्या तक्रारी थोड्या आहेत. डावखुऱ्याला बोल्ट आडवा येतो. मूळ मॅगझिन हरवलं की दुसरं शोधताना जीव मेटाकुटीला येतो, म्हणून मॅगझिन नसलेली ब्रनो स्वस्त मिळाली तरी घेऊ नकोस. माझ्या रायफलीचा दस्ता आधीच्या मालकाने फर्निचरच्या पॉलिशने चकचकीत करून ठेवला होता. तो खरवडायला महिना गेला.

हातात घेऊन तपासताना दोन्हींत एक गोष्ट सारखी बघायची. .२२ चं काडतूस रिमफायर, म्हणजे पिन काडतुसाच्या कडेवर आपटते. रिकाम्या बंदुकीवर वर्षानुवर्षं चाप ओढला असेल तर पिन चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) काठावर आपटून तिथे खाच पडते, मग पुंगळी नीट बसत नाही आणि निघतही नाही. बोल्ट उघडून, टॉर्च लावून तो काठ बघ. नळीत खड्डे आणि नळीच्या तोंडाशी झिजलेली कड बघ. ब्राउनिंगमध्ये याशिवाय नळी जोडण्याचा सांधा हलवून बघ. डगमग असेल तर नळीवरची कडी फिरवून ती कमी करता येते. कडी शेवटच्या टोकाला असूनही हलत असेल तर सोडून दे. साफसफाईत दोन्ही सोयीच्या. बोल्ट काढून किंवा नळी सोडवून मागून गज घालता येतो. बऱ्याच सेमी-ऑटोंत तो तोंडाकडूनच घालावा लागतो आणि कड झिजते.

निवडणुकीच्या आचारसंहितेत बंदूक ठाण्यात जमा करावी लागू शकते, हेही गणितात धर. माझी एकदा दोन महिने जमा होती, गंज चढूनच परत आली. ब्रनो मी तासाभरात साफ केली. साडूंची ब्राउनिंग मिस्त्रीकडे न्यावी लागली.

घरात लहान पोरं आहेत म्हणून आणखी एक. ब्रनोचं मॅगझिन काढून बोल्ट मागे ओढला की रिकामी आहे ते डोळ्यांना दिसतं. ब्राउनिंगच्या दस्त्यातली काडतुसांची नळी बाहेर काढली तरी एक काडतूस चेंबरमध्ये राहू शकतं. ती रिकामी करताना बोल्ट ओढून, आत बघून, बोट घालून खात्री करायची, दरवेळी.

तू रानडुकरांचं विचारलंस. पपईच्या बागेतली नासधूस मला कळते, पण वन्यजीव कायद्याखाली परवानगीशिवाय त्यांच्यावर बंदूक चालवता येत नाही, आणि .२२ ने डुक्कर मरत नाही, जखमी होऊन पळतं. वर ती गोळी दीड किलोमीटरपर्यंत घातक राहते. आपल्या सपाट शिवारात तेवढ्यात तीन वस्त्या येतात. ते काम या दोन्ही रायफलींचं नाही.

कागद अडले, किंवा ५० मीटरच्या रेंजसाठी दरवेळी पुण्याला बालेवाडीपर्यंत जाणं परवडणार नसेल, तर ४.५ मिलिमीटरची एअर रायफल घे. २० ज्यूलच्या आतली असेल तर परवाना लागत नाही, पावती जपून ठेव म्हणजे झालं. दहा मीटर तुझ्या ओट्यापासून गोठ्याच्या भिंतीपर्यंत सहज बसतात. पाठीमागे मातीच्या गोण्या रच, आणि सरावाच्या वेळी गोठ्यात कोणी नसेल हे आधी बघ.

मी ब्रनो घेतली असती. ब्राउनिंग साडूंनी विकायला काढली, तर मात्र मला आधी कळव.