रिसोर्स रूम नव्या शाळेत हलवली आणि वाढवली: एका पालकाचा सविस्तर रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकते, मग कारणं. जागा बदलली ते एकदम उत्तम झालं, सेंटर मोठं केलं ते मात्र अर्ध्यावरच राहिलंय. पाचपैकी साडेतीन स्टार. आणि हा दीड स्टार कुठे कापला गेला ते नीट वाचा, कारण तुमच्याकडच्या प्राथमिक शाळेत असं काही होणार असेल तर नेमका तिथेच जोर लावायला लागणार आहे.

माझ्या मुलीला कमी ऐकू येतं, दोन्ही कानांना श्रवणयंत्र आहे, आणि वाचनात ती वर्गाच्या मागे आहे. त्यामुळे दिवसातला काही वेळ ती रेग्युलर वर्गात असते आणि काही वेळ जादा मदतीच्या वर्गात, ज्याला आम्ही सगळे रिसोर्स रूमच म्हणतो. तिच्याबरोबर ऑटिझम असलेली मुलं आहेत, एडीएचडीवाली (म्हणजे लक्ष टिकत नाही, सतत चुळबुळ होते अशी) आहेत, नुसतं वाचन-लेखन अडलेलीही आहेत. आधी हे सेंटर एकाच शाळेत होतं आणि सगळ्या बाजूंची मुलं गाडीने तिथे यायची. आता मुख्य सेंटर दुसऱ्या शाळेत गेलंय आणि आजूबाजूच्या आणखी काही शाळांमध्ये त्याच्याच छोट्या खोल्या सुरू केल्यात.

जुनी जागा कशी होती ते सांगितल्याशिवाय नवीचं कौतुक कळणार नाही. मुख्य इमारतीच्या मागे, मैदान ओलांडून, वेगळं गेट. सुट्टीची वेळ वेगळी, प्रार्थना वेगळी, बाथरूमसुद्धा वेगळं. शिकवणाऱ्या मॅडम फार चांगल्या होत्या, त्याबद्दल काहीच म्हणायचं नाही, पण शाळेतल्या बाकीच्या मुलांना ही मुलं आपल्याच शाळेत आहेत हेच माहीत नव्हतं. ब्रिटनमध्ये १९७८ साली मेरी वॉर्नॉक यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने एक रिपोर्ट दिला होता, त्यात एकत्र शिक्षणाचे तीन प्रकार सांगितलेत: एक म्हणजे नुसतं एकाच आवारात असणं, दुसरा खेळताना-खाताना एकत्र असणं, आणि तिसरा खरोखर एका वर्गात एकत्र शिकणं. आमचं जुनं सेंटर पहिल्या पायरीवरच अडकलेलं, आणि तिथून पुढे सरकायला मधे मैदान आडवं होतं.

नव्या शाळेत ही खोली तळमजल्यावर आहे, दुसरी आणि तिसरीच्या वर्गांच्या मधोमध. कोणी ठरवून केलं की तीच खोली रिकामी होती देवाला ठाऊक, पण या एका गोष्टीने जेवढं काम केलं तेवढं कुठल्याही महागड्या साहित्याने केलं नसतं. येता-जाता मुलं आत डोकावतात, नावाने हाका मारतात. शिवाय मॅडमनी आठवड्यातले काही तास कोणालाही येऊन वाचायला खोली उघडी ठेवलीय, म्हणजे ज्यांना कसलीही अडचण नाही अशी मुलंही तिथे येऊन बसतात. त्यामुळे "ती त्या खोलीतली" हे बोलणं हळूहळू बंद झालं. तुमच्याकडे सेंटरचा प्लॅन दाखवला तर मी सांगते, साहित्याची यादी नंतर बघा, आधी नकाशावर बोट ठेवून खोली कुठे आहे ते विचारा.

दुसरा फायदा घराजवळचा. आधी मुलीच्या वर्गातली मुलं इतकी लांबून लांबून यायची की शाळा सुटली की मैत्री संपली. आता शेजारची मुलं आणि ती एकत्र चालत जातात. १९९४ मध्ये स्पेनमधल्या सालामांका इथे ९२ देशांच्या सरकारांचे प्रतिनिधी जमले होते, तिथल्या कृती आराखड्यात हेच साध्या शब्दांत म्हटलंय, की मुलाला अपंगत्व नसतं तर ते ज्या शाळेत गेलं असतं त्याच शाळेत ते गेलं पाहिजे. वाचायला किती सोपं वाटतं ना? पण ते व्हायला त्या जवळच्या शाळेत खोली, माणूस आणि तयारी तिन्ही लागतं, आणि इथून पुढेच खरी परीक्षा सुरू होते.

आता आवाजाबद्दल, आणि यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण याकडे कोणाचंच लक्ष नसतं. नवी खोली मोठी, छान, उंच छताची, एका भिंतीला काचा, खाली गुळगुळीत फरशी. बघणाऱ्याला वाटतं वा काय खोली आहे. माझी मुलगी पहिल्याच आठवड्यात घरी येऊन श्रवणयंत्र काढून ठेवायला लागली, डोकं दुखतं म्हणायची. कारण श्रवणयंत्र मॅडमचा आवाज मोठा करतं तसा खुर्ची सरकल्याचा आणि बाहेरच्या गोंगाटाचाही मोठा करतं, आणि कठीण भिंतींवरून आवाज उलटून आला की एक शब्द दुसऱ्यावर चढतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये वर्गातला मागचा गोंगाट ३५ डेसिबलच्या वर नको आणि आवाज घुमत राहण्याचा वेळ साधारण ०.६ सेकंद असावा असं म्हटलंय, कमी ऐकू येणाऱ्या मुलांसाठी तर त्याहूनही कमी. आम्ही फोनवरच्या ॲपने मोजलं, ते ॲप काही अगदी अचूक नसतं मान्य आहे, पण मुलं शांत बसलेली असतानाही आकडा त्याच्या बराच वर होता.

इथे शाळेला पूर्ण मार्क. मुख्याध्यापिकांनी ऐकून घेतलं, उडवून लावलं नाही. जाड पडदे आले, दोन भिंतींवर सॉफ्ट बोर्ड आले, खुर्च्यांच्या पायांना फेल्ट लावलं, खाली सतरंजी आली. छताचं काम अजून झालेलं नाही पण एवढ्यानेही फरक पडला, आता ती यंत्र काढत नाही. मॅडमच्या गळ्यात वायरलेस माईक असतो जो थेट श्रवणयंत्रात ऐकू येतो, तो मात्र रेग्युलर वर्गातल्या सरांनीही वापरायला हवा, ते कधी कधी विसरतात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो, आणि आधीच कमी ऐकू येणाऱ्या मुलीला मागच्या बाकावर काय पोचत असेल ते तुम्हीच बघा. सरांना हे समजावून सांगितलं तेव्हापासून ते जास्त लक्षात ठेवतात.

रॅम्प ठीक आहे, १:१२ उताराचा केलाय, म्हणजे ४५ सेंटीमीटर चढायला ५.४ मीटर लांबी, बऱ्याच ठिकाणी जागा वाचवायला घसरगुंडी करून ठेवतात तसं नाही. दार रुंद आहे. बाथरूममध्ये मात्र व्हीलचेअर वळायला दीड मीटरचं वर्तुळ लागतं, तेवढी जागा नाही, मुलाला उलटं बाहेर यावं लागतं. ते बदलायलाच हवं.

प्रत्यक्ष स्थलांतर कसं केलं यावर बोलायलाच हवं कारण ते फार जीव लावून केलं गेलं. ऑटिझम असलेल्या मुलाला आज इथलं टेबल उद्या तिथे झालं तरी त्रास होतो, आणि इथे तर अख्खी शाळा बदलत होती. सुट्टी लागायच्या आधीच प्रत्येक मुलाच्या घरी फोटोंची एक छोटी वही आली: हे नवं गेट, ही तुझी खुर्ची, इथे बॅग ठेवायची, या मॅडम तुझ्याबरोबरच येणार आहेत. कॅरल ग्रे यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सोशल स्टोरीज म्हणून, नव्या प्रसंगाची छोट्या गोष्टीतून आधीच ओळख करून द्यायची, जी पद्धत आणली त्याच धर्तीवर. मग शाळा रिकामी असताना मुलांना नेऊन फिरवलं. जुनीच टेबलं, जुनीच चित्रांची टाइमटेबल कार्डं नव्या खोलीत आधीच्याच क्रमाने लावली. खोलीचे भाग पडलेले दिसतील अशी मांडणी केली, एकट्याने काम करायची जागा वेगळी, गटाची वेगळी, जी पद्धत एरिक शॉप्लर यांनी अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात ऑटिझम असलेल्या मुलांसाठी सुरू केलेल्या टीच (TEACCH) कार्यक्रमातून जगभर गेली. एकच चूक झाली आणि ती मोठी होती: शांत कोपऱ्यासाठी ठरवलेली छोटी खोली सुरुवातीला सामानाची खोकी ठेवायला वापरली. मेल्टडाउन झालेल्या, म्हणजे सगळं असह्य होऊन स्वतःवरचा ताबा सुटलेल्या मुलाला घेऊन जायला जागाच नाही, मॅडम त्याला घेऊन पॅसेजमध्ये बसलेल्या मी बघितल्यात. माझं म्हणणं, ही खोली सगळ्यात आधी तयार पाहिजे, बाकीच्या गोष्टी नंतर आल्या तरी चालतील.

आता वाढवण्याबद्दल. जागा वाढल्या आणि वेटिंग लिस्टवरची मुलं आत आली, त्या पालकांचे चेहरे मी बघितलेत, त्यामुळे वाढवायलाच नको होतं असं मी कधीच म्हणणार नाही. पण मुलं वाढली त्या प्रमाणात स्पेशल एज्युकेटर, म्हणजे अशा मुलांना शिकवायचं खास ट्रेनिंग घेतलेले शिक्षक, वाढले नाहीत, मदतनीस ताई वाढल्या. ताई प्रेमळ आहेत, मुलीला जीव लावतात, आणि तरीही हा प्रश्न आहेच. लंडनमध्ये पीटर ब्लॅचफर्ड आणि त्यांच्या टीमने मदतनिसांच्या कामावर मोठा अभ्यास केला होता, २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष आले, आणि त्यात दिसलं की ज्या मुलांना मदतनिसांचा आधार सगळ्यात जास्त मिळाला त्यांची अभ्यासातली प्रगती तशाच इतर मुलांपेक्षा कमी झाली. दोष मदतनिसांचा नव्हता, त्यांना ट्रेनिंग नाही, शिक्षकांबरोबर बसून ठरवायला वेळ नाही, आणि ज्या मुलाला शिक्षकाची सगळ्यात जास्त गरज तेच मूल शिक्षकापासून लांब जातं, हे कारण. हे वाचलं आणि मला आमचीच खोली दिसली. मुलगी शब्दावर अडखळली की ताई तो शब्द पटकन सांगून टाकते. प्रेमापोटीच. पण अडखळून थांबायचा तो वेळच तिला हवा असतो, त्यातूनच ती शिकते. मॅडमनी ताईंना एकदा नीट बसून दाखवलं, थांबायचं, मग पहिला आवाज सुचवायचा, मग तोंडाकडे बघायला सांगायचं, शब्द सगळ्यात शेवटी. तेव्हापासून त्या ताई कमाल करतात. हेच ट्रेनिंग सगळ्या शाळांमधल्या सगळ्या ताईंना पहिल्या दिवसाआधी द्यायला काय हरकत होती?

स्पीच थेरपिस्टचंही तेच. आधी त्या एका जागी बसायच्या, मुलं त्यांच्याकडे यायची. आता त्या या शाळेतून त्या शाळेत फिरतात, आणि जो वेळ मुलांना मिळायचा त्यातला बराच रस्त्यात जातो. शिवाय आधी सगळ्या स्पेशल एज्युकेटर मॅडम एकाच छपराखाली होत्या, मधल्या सुट्टीत एकमेकींना विचारायच्या की हा मुलगा असं करतोय तर तू काय करतेस. आता छोट्या खोल्यांमध्ये प्रत्येक जण एकटी. घराजवळची शाळा हवी म्हणून सेंटर पसरवलं ते मला हवंच होतं, पण पसरवताना हा सुटलेला धागा बांधायला आठवड्यातली एक ठरलेली वेळ द्यायला हवी, सगळ्यांनी एकत्र बसायची, आणि ती शाळा सुटल्यावर नाही, कामाच्या वेळेतच.

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. खोली मोठी झाली की रेग्युलर वर्गातल्या शिक्षकांना सोय होते. मूल जरा चुळबुळ करायला लागलं, पाठवा रिसोर्स रूमला. गणित कळत नाही, पाठवा. असं करत करत मूल कागदावर दोन्हीकडे आणि प्रत्यक्षात एकीकडेच असं होतं. माझ्या मुलीला थेरपीसाठी चित्रकलेच्या तासाला बाहेर काढत होते, म्हणजे ज्या एका तासाला ती वर्गात सगळ्यांच्या पुढे असते नेमका तोच. आम्ही मिटिंगमध्ये हे मांडलं, तास बदलून मिळाला, पण विचारलं म्हणून मिळाला. मुलाला कुठल्या तासातून काढतात, किती वेळ, आणि परत वर्गात आल्यावर बुडालेलं कोण भरून देतं, हे आयईपीमध्ये, म्हणजे प्रत्येक मुलासाठी वेगळी बनवतात त्या लेखी शिक्षण योजनेत, लिहूनच घ्या. आणि त्यात "वाचन सुधारेल" असली मोघम वाक्यं चालवून घेऊ नका, काय वाचेल, किती मदतीने वाचेल आणि कधीपर्यंत ते स्पष्ट लिहायला सांगा.

ज्यांच्या मुलांना अशा सेंटरची गरज आहे आणि नवी शाळा घराजवळ आहे त्यांनी बिनधास्त घ्या, जुन्यापेक्षा शंभर टक्के चांगलं आहे. ज्यांच्या मुलाला रोज थेरपी लागते त्यांनी मुख्य सेंटरच मागा, छोट्या खोल्या सध्या त्यासाठी तयार नाहीत. थेरपिस्ट कुठल्या दिवशी कुठल्या शाळेत असणार आणि बाथरूमचं काम कधी होणार, हे दोन्ही लेखी द्या अशी मागणी आम्ही पालकांनी सह्या करून दिलीय. उत्तर आलं की इथेच लिहीन, आणि ते धड असेल तर स्टारही वाढवीन.